देव सर्वशक्तिमान आहे, मग तो खोटं बोलू शकतो का? ख्रिस्ती धर्मातला जुना पेच समजून घ्या

'देव सगळं काही करू शकतो ना? मग त्याला स्वतःलाही उचलता येणार नाही, इतका जड दगड तो बनवू शकतो का?'

हा प्रश्न तुम्ही एखाद्या मीममध्ये, रीलच्या कॉमेंट्समध्ये किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या वादात कधी ना कधी पाहिला असेल. 'हो' म्हणावं, तर देवाला न उचलता येणारा एक दगड शिल्लक राहतो. 'नाही' म्हणावं, तर देवाला न बनवता येणारा एक दगड शिल्लक राहतो. उत्तर काहीही द्या, सर्वशक्तिमान देव अडचणीत येतो.

पण या प्रश्नाची भावंडं निदान १५०० वर्षं जुनी आहेत. इसवी सन ५००च्या आसपास 'डायोनिशियस' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने आपल्या ग्रंथात असाच एक आक्षेप एलिमास नावाच्या जादूगाराच्या तोंडी घातला होता. आक्षेप असा की, देवाला स्वतःला नाकारता येत नाही, असं संत पौल सांगतो. मग असा देव सर्वशक्तिमान कसा?

ख्रिस्ती धर्म देवाबद्दल दोन दावे एकत्र करतो. एक, देव सर्वशक्तिमान आहे. दोन, देव कधीच बदलत नाही. वरवर पाहता हे दोन्ही दावे एकमेकांशी भांडतात. जो बदलूच शकत नाही, तो सगळं करू शकतो असं कसं म्हणायचं? आणि जो बदलत नाही, त्याच्याकडे प्रार्थना करून फायदा काय?

एकेक करून समजून घेऊया.

'सर्वशक्तिमान' हा शब्द आला कुठून?

सुरुवात शब्दापासून करायला हवी, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्यात देवासाठी 'शद्दाय' असं एक नाव येतं. ख्रिस्तपूर्व काळात या ग्रंथांचं ग्रीकमध्ये भाषांतर सुरू झालं, तेव्हा ईयोबाच्या पुस्तकासारख्या ठिकाणी या नावासाठी 'पँटोक्रेटर' हा शब्द वापरला गेला. या शब्दाचा रोख 'वाटेल ते करू शकणारा' असा नाही. त्याचा अर्थ 'सगळ्यावर सत्ता असणारा, सगळं हातात धरून ठेवणारा' असा आहे. नव्या करारात हा शब्द १० वेळा येतो आणि त्यातल्या ९ वेळा तो एकट्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकात आहे.

पुढे लॅटिनमध्ये त्यासाठी 'ओम्निपोटेन्स' हा शब्द रूढ झाला आणि अर्थाचा भर थोडा सरकला. सत्तेची गोष्ट क्षमतेची झाली. 'देवाचं राज्य सगळ्यावर आहे' या विधानाची जागा हळूहळू 'देव काय काय करू शकतो?' या प्रश्नाने घेतली. दगडाचं कोडं जन्माला येतं ते या दुसऱ्या अर्थातून.

मराठीतही या दोन छटा सापडतात. मराठी बायबलमध्ये 'सर्वसमर्थ' हा शब्द येतो, तर बोलताना आपण सर्रास 'सर्वशक्तिमान' म्हणतो. समर्थ म्हणजे ज्याच्यावर भार टाकता येतो, असा. शक्तिमान म्हटलं की डोळ्यांसमोर ताकद येते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

देवाला न जमणाऱ्या गोष्टी बायबलच सांगतं

अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण देव काय करू शकत नाही हे खुद्द बायबलमध्येच लिहिलेलं आहे. देव खोटं बोलू शकत नाही, असं तीताला लिहिलेल्या पत्रात आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. देव स्वतःला नाकारू शकत नाही, असं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. त्याच वेळी, देवाला सगळं शक्य आहे, असं येशू शिष्यांना सांगत असल्याचं मार्कच्या शुभवर्तमानात आहे.

मग हा विरोधाभास नाही का?

यावर पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी उत्तर दिलं. ऑगस्टिन हे आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचे बिशप. इसवी सन ४१०मध्ये रोम शहर लुटलं गेलं आणि त्यानंतर त्यांनी 'देवाचं नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. त्यात ते म्हणतात की, देव मरू शकत नाही किंवा चुकू शकत नाही, असं म्हटल्याने त्याची शक्ती कमी होत नाही. उलट, तो मरू किंवा चुकू शकला असता, तर त्याची शक्ती कमी ठरली असती.

साधं उदाहरण घ्या. एखादा गवई कधीच बेसूर होत नसेल, तर 'याला बेसूर गाता येत नाही, म्हणजे याची कला अपुरी' असं आपण म्हणत नाही. घसरणं, फसणं, गोंधळणं, शब्द मोडणं या सगळ्यांना आपण 'करणं' म्हणतो खरं, पण त्या मुळात उणिवा आहेत.

११व्या शतकात संत अँसेल्म यांनी हाच मुद्दा आणखी टोकदार केला. जो खोटं बोलू शकतो, त्याच्यावर मोहाची किंवा भीतीची सत्ता चालते. म्हणजे खोटं बोलता येणं ही त्याची ताकद नसून त्याच्यावर दुसऱ्या कशाची तरी ताकद चालत असल्याची खूण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

झालेली गोष्ट देव पुसू शकतो का?

याच शतकात इटलीत एक वेगळाच वाद रंगला. मोंते कासिनो या मठात जेवणाच्या वेळी एक विषय निघाला. कौमार्य गमावलेल्या मुलीला देव ते परत देऊ शकत नाही, असं चौथ्या-पाचव्या शतकातले विद्वान संत जेरोम यांनी लिहून ठेवलं होतं. मठाचे प्रमुख डेसिडेरियस यांना ते पटत होतं. कार्डिनल पीटर डेमियन यांना मात्र ते खटकलं.

इसवी सन १०६५च्या सुमारास डेमियन यांनी यावर एक दीर्घ पत्र लिहिलं. देवाला वेळेचं बंधन नाही, त्याच्यासाठी सगळा काळ 'आत्ता'च आहे, असं त्यांचं म्हणणं. रोम शहर वसलंच नव्हतं, असं देव आज घडवू शकेल का, इथपर्यंत त्यांनी चर्चा नेली. त्यांना नेमकं किती दूर जायचं होतं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

२०० वर्षांनी थॉमस अक्वायनस यांनी उलट कौल दिला. १२६५च्या सुमारास त्यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' हा ग्रंथ लिहायला सुरुवात केली. घडून गेलेली गोष्ट 'घडलीच नाही' अशी करणं देवालाही शक्य नाही, असं त्यात ते स्पष्ट सांगतात. कारण 'घडलेली गोष्ट घडली नाही' या वाक्यातच अर्थ उरत नाही. देव पाप क्षमा करू शकतो, जखम भरू शकतो. पण ते पाप झालंच नव्हतं, असं होत नाही.

मग दगडाच्या कोड्याचं उत्तर काय?

अक्वायनस यांची व्याख्या आज सर्वांत जास्त वापरली जाते. देव सर्वशक्तिमान आहे, म्हणजे जे जे मुळात शक्य आहे ते ते तो करू शकतो. ज्यात अंतर्गत विसंगती आहे, ती 'गोष्ट'च नसते. चौकोनी वर्तुळ, लग्न झालेला ब्रह्मचारी, किंवा आपल्याकडच्या तर्कशास्त्रातला 'वंध्यापुत्र' म्हणजे वांझ बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा, ही याची उदाहरणं. इथे शब्द शेजारी शेजारी ठेवले जातात, पण त्यातून कुठलीच वस्तू तयार होत नाही. म्हणून 'देव हे करू शकत नाही' असं म्हणण्यापेक्षा 'हे होऊ शकत नाही' असं म्हणणं जास्त बरोबर, असं अक्वायनस यांचं मत.

१९६३मध्ये जॉर्ज मॅव्ह्रोडीस या तत्त्वज्ञाने हाच नियम दगडाच्या कोड्याला लावला. 'सगळं उचलू शकणाऱ्याला न उचलता येणारा दगड' हे चौकोनी वर्तुळासारखंच आहे. ते बनवता न येणं ही मर्यादा ठरत नाही.

पण सगळ्यांना हे मान्य नव्हतं. १७व्या शतकातले फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त म्हणत की, गणिताची आणि तर्काची सत्यंसुद्धा देवानेच ठरवली आहेत. म्हणजे तर्काचे नियम देवाच्या वर नाहीत.

समजा, देकार्त यांचं म्हणणं मान्य केलं. मग? १९६४मध्ये हॅरी फ्रँकफर्ट यांनी एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली. देव जर अशक्य गोष्टही करू शकत असेल, तर तो न उचलता येणारा दगड बनवेल आणि मग तो उचलूनही दाखवेल. एक अशक्य गोष्ट जमली, तर दुसरी का जमू नये? म्हणजे तर्काचे नियम पाळा किंवा सोडा, दगडाच्या कोड्याने देवाची सर्वशक्ती खोटी ठरत नाही.

देव बदलत नाही, म्हणजे नेमकं काय?

आता दुसऱ्या दाव्याकडे वळूया.

देव बदलत नाही, हे मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात आणि याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे. इसवी सन ३२५मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत हा मुद्दा थेट ऐरणीवर होता. एरियस नावाच्या धर्मगुरूशी वाद चालू होता. येशू हा देवाने निर्माण केलेला आहे, असं एरियस यांचं म्हणणं. परिषदेने ते फेटाळलं. इतकंच नाही, तर देवाचा पुत्र बदलणारा आहे असं म्हणणाऱ्यांचाही परिषदेने निषेध केला. जो बदलू शकतो तो देव नव्हे, हा यामागचा निकष होता.

असं का? अक्वायनस यांचं कारण असं: बदलणं म्हणजे काहीतरी मिळवणं किंवा काहीतरी गमावणं. जो परिपूर्ण आहे, त्याला मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि तो काही गमावूही शकत नाही. त्यामुळे 'न बदलणारा' म्हणजे दगडासारखा निश्चल, असा अर्थ इथे नाही. दगड बदलत नाही कारण त्याच्यात जीवच नाही. देव बदलत नाही कारण त्याच्यात कशाचीच कमतरता नाही, असं हे मत आहे.

पण मग बायबलमध्येच देवाला पस्तावा कसा होतो? हा प्रश्न टाळता येणार नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात, जलप्रलयाआधी, माणूस निर्माण केल्याचं देवाला दुःख होतं. निर्गमच्या पुस्तकात लोक सोन्याचं वासरू पुजतात, देव त्यांचा नाश करायला निघतो आणि मोशेने विनवणी केल्यावर थांबतो. योनाच्या गोष्टीत निनवे शहरातले लोक पश्चात्ताप करतात आणि देव ठरलेली शिक्षा देत नाही.

सर्वांत गंमतीशीर आहे तो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १५वा अध्याय. त्यातल्या ११व्या आणि ३५व्या ओवीत, शौलाला राजा केल्याबद्दल देवाला पस्तावा झाल्याचं म्हटलं आहे. मधल्या २९व्या ओवीत मात्र देव माणसासारखा पस्तावत नाही, असं सांगितलं आहे. मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. ज्याने हा अध्याय लिहिला, त्याला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवणं चुकीचं वाटलं नाही.

यावर परंपरेने मुख्यतः दोन उत्तरं दिली.

पहिलं उत्तर भाषेचं. १६व्या शतकातले सुधारक जॉन कॅल्व्हिन म्हणतात की, दाई तान्ह्या बाळाशी बोबडं बोलते, तसा देव बायबलमध्ये माणसाशी माणसाच्या भाषेत बोलतो. 'पस्तावा' हा त्या भाषेतला शब्द आहे.

दुसरं उत्तर नात्याचं. एखादा मुलगा वाढत वाढत आईपेक्षा उंच होतो. कालपर्यंत 'मुलापेक्षा उंच' असलेली आई आज 'मुलापेक्षा बुटकी' झाली. पण आईची उंची एक इंचही बदलली नाही, बदलला तो मुलगा. तिसऱ्या शतकातले विचारवंत ओरिजन यांनी उन्हाचं उदाहरण दिलं होतं. एकाच उन्हात मेण वितळतं आणि चिखल कडक होतो. निनवेच्या बाबतीतही हेच, असं हे मत मांडणारे म्हणतात. दुष्टपणा न खपवणारा आणि पश्चात्तापाला क्षमा करणारा देव तोच राहिला. शहर बदललं, म्हणून त्याच्या वाट्याला आलेली वागणूक बदलली.

मग प्रार्थना कशासाठी करायची?

सामान्य श्रद्धाळू माणसासाठी खरा प्रश्न हा आहे. आयसीयूच्या बाहेर बसून कुणी प्रार्थना करत असेल आणि देव त्याचं मन बदलणारच नसेल, तर त्या प्रार्थनेला अर्थ काय?

ओरिजन यांनाही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि त्यांनी प्रार्थनेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. पुढे अक्वायनस यांनी जे उत्तर दिलं, ते आजही कॅथलिक परंपरेत शिकवलं जातं. देवाचा निर्णय बदलण्यासाठी आपण प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेतूनच माणसाला मिळाव्यात, असं देवाने आधीच ठरवलेलं असतं. पीक यावं ही देवाची इच्छा असली, तरी पेरणी करावीच लागते. पेरणी म्हणजे देवाचं मन वळवणं नव्हे. प्रार्थनाही तशीच, घडणाऱ्या गोष्टीचा एक खराखुरा भाग.

हे उत्तर सगळ्यांना पुरेसं वाटत नाही. १९९४मध्ये क्लार्क पिनॉक आणि इतर ४ इव्हँजेलिकल विचारवंतांनी 'देवाचा खुलेपणा' अशा आशयाच्या नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. देवाचा स्वभाव आणि त्याचं प्रेम बदलत नाही, पण तो माणसाशी खरोखर संवाद करतो, ऐकतो आणि त्यानुसार निर्णयही बदलतो, असं त्यांचं म्हणणं. या विचाराला 'ओपन थीइझम' म्हणतात आणि त्यावरून इव्हँजेलिकल वर्तुळात मोठा वाद झाला.

देव माणूस झाला, तेव्हा तो बदलला नाही का?

ख्रिस्ती धर्मासमोर आणखी एक अडचण आहे, जी इतर धर्मांसमोर याच रूपात येत नाही. देवाचा पुत्र येशूच्या रूपात माणूस झाला, जन्मला, भुकेला झाला, रडला, क्रुसावर मेला, अशी ही श्रद्धा आहे. मग न बदलणारा देव बदललाच की!

इसवी सन ४५१मध्ये काल्सेडन इथल्या धर्मपरिषदेने यावर उत्तर दिलं. येशूमध्ये देवपण आणि माणूसपण हे दोन्ही स्वभाव आहेत. ते एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. म्हणजे देवपणाचं रूपांतर माणसात झालं नाही, तर देवाच्या पुत्राने माणूसपण आपलंसं केलं. भूक, वेदना आणि मरण त्याने या माणूसपणात सोसलं.

सर्वांत अवघड प्रश्न: दुःख

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि सकाळी लोक चर्चमध्ये जमले होते. तेव्हाच प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ आगी लागल्या आणि समुद्राच्या लाटा शहरात घुसल्या. प्रार्थना करणारी माणसं चर्चच्या छताखाली गाडली गेली. फ्रेंच लेखक व्होल्तेर यांनी यानंतर 'जे होतं ते चांगल्यासाठीच' या विचारावर कडाडून टीका केली.

१९५५मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी हा प्रश्न तर्काच्या भाषेत मांडला. देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे चांगला आहे आणि तरीही जगात दुष्टपणा आहे, ही तीन विधानं एकत्र खरी असू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. अल्विन प्लँटिंगा यांनी १९७४मध्ये त्यावर उत्तर दिलं. माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं आणि त्याने कधीच चुकीचं निवडू नये अशी सक्तीही करायची, हे दोन्ही एकत्र होत नाही. पुन्हा तेच चौकोनी वर्तुळ. पण भूकंपाचं काय? तिथे कुठल्या माणसाने काय निवडलं? त्यामुळे हे उत्तर माणसाच्या क्रौर्याला जितकं लागू पडतं, तितकं निसर्गाच्या आघाताला पडत नाही, असं अनेकांना वाटतं.

२०व्या शतकात काही विचारवंतांनी वेगळी वाट धरली. जर्मनीचे युर्गेन मोल्टमन १७ वर्षांचे असताना, १९४३च्या हँबर्ग शहरावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले. त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मात्र ठार झाला. पुढे १९४८पर्यंत ते युद्धकैदी होते. १९७२मध्ये 'क्रुसावरचा देव' या आशयाच्या नावाचा त्यांचा ग्रंथ आला. ज्याला दुःख होऊच शकत नाही तो प्रेमही करू शकत नाही, म्हणून क्रुसावर देव स्वतः दुःख भोगतो, असा त्यांचा मुद्दा होता.

जुन्या मताचे समर्थक यावर उलट विचारतात: बुडणाऱ्याला आपल्यासोबत बुडणारा हवा असतो की किनाऱ्यावर पाय घट्ट रोवून दोर टाकणारा? आपल्या दुःखाने ज्याचं प्रेम कमी-जास्त होत नाही, तोच वाचवू शकतो, असं त्यांना वाटतं.

आज हा वाद कुठे आहे?

अधिकृत पातळीवर बहुतेक मोठ्या परंपरांनी दोन्ही दावे कायम ठेवले आहेत. कॅथलिक चर्चच्या १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने आणि त्याआधी १७व्या शतकातल्या प्रॉटेस्टंटांच्या 'वेस्टमिन्स्टर' श्रद्धापत्राने, देव सर्वसमर्थ आणि न बदलणारा असल्याचं नोंदवलं आहे. वाद आहे तो 'न बदलणं' म्हणजे नेमकं काय, यावर.

हे दोन दावे एकमेकांना धरून का आहेत, हे त्यातला एक काढून पाहिला की कळतं. फक्त अमर्याद शक्ती असलेला, पण स्वभाव बदलू शकणारा देव एखाद्या लहरी हुकूमशहासारखा ठरेल. आज क्षमा, उद्या काय ते माहीत नाही. उलट, कधीच न बदलणारा पण शक्ती नसलेला देव फार तर चांगल्या मनाचा साक्षीदार ठरेल. दिलेला शब्द पाळण्याची ताकद आणि तो शब्द न फिरवणारा स्वभाव, दोन्ही असेल तरच त्या शब्दावर भार टाकता येतो. 'सर्वसमर्थ' या मराठी शब्दात नेमका हाच अर्थ आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात, अटक होण्याआधीच्या रात्री, येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो. तुला सगळं शक्य आहे, हे दुःख माझ्यापासून दूर कर, असं तो देवाला विनवतो आणि लगेच, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही म्हणतो. ते दुःख टळत नाही. तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा जिवंत झाला आणि तेच त्या प्रार्थनेचं उत्तर होतं, असं ख्रिस्ती श्रद्धा सांगते. ही श्रद्धा मान्य करायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ख्रिस्ती माणूस देवाला 'सर्वशक्तिमान' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दगड उचलणारा पहिलवान नसतो, तर त्या बागेतली ही प्रार्थना असते.